सकाळी आणलेला मासा संध्याकाळी वास का मारतो? सोलापूरच्या उन्हाळ्यात कच्चा मासा घरी कसा ठेवावा

रविवारी सकाळी मासे आणले, साफ करून फ्रिजमध्ये ठेवले आणि संध्याकाळी कालवणासाठी डबा उघडला तर वास. मग एक तर मासेवाल्याने शिळा माल गळ्यात मारला म्हणून त्याच्याशी वाद, नाहीतर फ्रिजचा गॅस संपला म्हणून मेकॅनिकला बोलावणं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शिमगा झाला की मृग लागेपर्यंत ही तक्रार आपल्याकडे घरोघरी असते आणि बहुतेक वेळा चूक मासेवाल्याचीही नसते, फ्रिजचीही नसते. मासा बिघडतो तो बाजारातून निघून फ्रिजमध्ये जाईपर्यंतच्या मधल्या वेळात. फ्रिज फक्त पुढचा बिघाड सावकाश होऊ देतो, झालेला बिघाड भरून काढत नाही.

कच्चा मासा थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळीच ३२ अंश मागे पडतात आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ वर जातो. तेव्हा सोलापूरकराने दोन तास विसरायचे, एकच तास धरायचा.

आता हा तास कुठे जातो ते बघा. मासा वजन करून घेतला, साफ करणाऱ्यापुढे गर्दी, वीस मिनिटं तिथे गेली. तुकड्या प्लास्टिकच्या पिशवीत आल्या, पिशवी गाडीच्या हुकला. जाता जाता मंडईत कोथिंबीर, आलं, लिंबं, मध्येच कोणी ओळखीचं भेटलं. विडी घरकुल किंवा जुळे सोलापूर गाठेपर्यंत आणखी अर्धा तास. घरी पिशवी ओट्यावर, कारण आधी नाष्टा, मग आंघोळ, मग मासे धुवायला घ्यायचे. डबा फ्रिजमध्ये जाईपर्यंत सहज अडीच तास होतात. मासे आणायला गेलेल्याला विचाराल तर तो मनापासून सांगेल की आणले आणि लगेच ठेवले.

शून्य अंशावर, म्हणजे बर्फात ठेवलेल्या माशापेक्षा ५ अंशांवरचा मासा साधारण दुप्पट वेगाने आणि १० अंशांवरचा चौपट वेगाने खराब होतो. हुकला लटकलेल्या पिशवीत काय होत असेल याचा अंदाज यावरून करा. त्यात मासा बाजारात येतो तेव्हाच त्याचं थोडं आयुष्य सरलेलं असतं. सुरमई, पापलेट, बांगडा तीनशे-चारशे किलोमीटरवरून बर्फाच्या पेट्यांत येतात. उजनीची चिलापी, रोहू, कटला त्या मानाने जवळचे, पण तेही रात्री-पहाटे पाण्याबाहेर आलेले. आपल्या हातात येतो तो आधीच काही तास किंवा काही दिवस बर्फावर काढलेला मासा. बर्फाची ही साखळी आपणच तोडतो.

आधी वास कसला ते ओळखा

पुष्कळ चांगला मासा आपल्याकडे उगाच फेकला जातो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. चिलापीला, कधी कधी रोहूलाही, चिखलासारखा, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तो शिळेपणाचा नाही. साचलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव आणि निळं-हिरवं शेवाळ जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो माशाच्या मांसात उतरतो. मासा जिवंत असतानाही हा वास असतो. त्याने अपाय होत नाही. चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुतला की तो बराच कमी होतो, आणि त्यातलं बरंचसं कातडीलगतच्या चरबीत आणि पोटाच्या काळ्या पापुद्र्याजवळ असल्यामुळे तो पापुद्रा खरवडून काढला तरी फरक पडतो.

शिळ्या माशाचा वास वेगळा. समुद्राच्या माशात तो नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असतो. गोड्या पाण्यातल्या माशात तो आंबूस, कुजकट असतो, समुद्राच्या माशाइतका उग्र नसतो, म्हणून फसगत होते. तिथे नाकावर विसंबू नका, बोटाने बघा. तुकडीवर बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, हाताला बुळबुळीत चिकट लागलं, पोटाकडचं मांस काट्यापासून सुटून लोंबायला लागलं, तर मासा गेला. अख्खा मासा असेल तर कल्ले उघडा: लालभडक असतील तर ताजा, विटकरी-तपकिरी आणि चिकट असतील तर घेऊच नका.

झिंग्यांच्या डोक्याजवळ आणि सालीच्या सांध्यांवर काळे डाग दिसले म्हणून लगेच फेकू नका. हवा लागून सफरचंदाची फोड काळी पडते तसाच तो प्रकार आहे. डोकं मात्र लवकर काढा. झिंग्याची पचनग्रंथी डोक्यातच असते आणि तिचा रस मांस मऊ करत जातो.

बाजार ते घर

सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि खर्च जवळपास शून्य आहे. औषधाच्या दुकानात किंवा आइस्क्रीमवाल्याकडे थर्मोकोलचा लहान डबा मिळतो. नसेल तर जाड पिशवीत जुनी सोलापुरी चादर चार पदरी घडी करून घाला, तीही उष्णता चांगली अडवते. आदल्या रात्री पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून बर्फाला लावा आणि सकाळी त्या बरोबर घ्या. मासे त्यांच्या मधोमध.

मासेवाल्याकडून बर्फाचा चुरा मागून घ्या, तो देतो. पण तो बर्फ थेट तुकड्यांवर टाकू नका. मासा एका पिशवीत बांधा, बर्फ बाहेरून. बाजारातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि निळसर रंगाचा असेल तर तो खाण्यासाठी नाहीच.

खरेदीचा क्रम बदला. भाजी, मसाला, लिंबं सगळं आधी, मासा शेवटी. आणि मासा घेतल्यावर वाटेत थांबायचं नाही. साफ करणाऱ्याला सांगा, पोट पूर्ण रिकामं कर आणि कल्ले काढ. खवले राहिले तरी चालतील, ते घरी निघतात. पोटातले पाचक रस आणि जंतू मांसाला आतून खात असतात, त्यामुळे पोट न काढलेला मासा सगळ्यात आधी पोटाकडूनच फुटतो.

मरळ जिवंत मिळत असेल आणि संध्याकाळीच करायचा असेल तर संध्याकाळीच आणा. सकाळी आणून ठेवण्यात काही मिळकत नाही.

धुण्याचं पाणी

याकडे कुणाचंच लक्ष नसतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे सगळा कारभार गच्चीवरच्या टाकीवर. मे महिन्यात त्या काळ्या टाकीतलं पाणी रात्री आठलासुद्धा कोमट असतं, दुपारी तर हाताला चटका देतं. बर्फातून आलेला गारेगार मासा त्या नळाखाली पाच मिनिटं धुतला की सगळी मेहनत पाण्यात जाते. मासे धुवायला माठातलं पाणी घ्या, त्यात बर्फाचे चार खडे टाका आणि चमचाभर मीठ. दोन पाण्यांत झटपट धुवा, भिजत ठेवू नका. चिंचेच्या पाण्याचं वर सांगितलं तेही गारच हवं आणि ते शिजवायच्या आधी करायचं, ठेवायच्या आधी नाही. धुतल्यावर स्वच्छ सुती फडक्याने प्रत्येक तुकडी टिपून कोरडी करा. ओल्या तुकड्या डब्यात तशाच भरल्या की खाली लालसर पाणी साचतं, आणि बुडातल्या तुकड्या त्याच पाण्यात पडून आधी खराब होतात.

म्हणून डब्याच्या तळाशी उलटी वाटी किंवा लहान जाळी ठेवा आणि तुकड्या तिच्यावर. पाणी खाली, मासा वर. एवढ्याने सकाळचा मासा संध्याकाळी उघडल्यावर मिळणारा फरक डोळ्याने दिसतो: तुकडीची कड घट्ट राहते आणि डब्याला वास नसतो.

फ्रिजमध्ये, पण कुठे?

दारात अजिबात नको, तिथे सगळ्यात कमी थंडावा. आपल्याकडच्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खाली जो लांबट ट्रे असतो ती जागा सगळ्यात गार. मासा तिथे ठेवा, मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. कच्च्या माशाचं पाणी खालच्या उघड्या कोशिंबिरीत किंवा मळलेल्या कणकेवर ठिबकणं हा आजारपणाचा सरळ रस्ता आहे. डबा गळका असेल तर त्याच्याखाली ताटली हवीच. असा ठेवलेला मासा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. दोन दिवसांच्या वर ठेवायचा असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. तिसऱ्या दिवशी, राहिलाय म्हणून, फ्रीझरमध्ये टाकण्यात अर्थ नाही. फ्रीझर मासा जसा आहे तसा थांबवतो.

बऱ्याच घरांत अडचण वेगळीच असते. फ्रिजमध्ये दूध आहे, नैवेद्याचं आहे, घरात सोमवार-गुरुवार पाळणारी माणसं आहेत, आणि सासूबाई म्हणतात, ‘मासे माझ्या फ्रिजमध्ये नकोत.’ मग पातेलं मोरीत किंवा बाल्कनीत झाकून ठेवलं जातं आणि मासा तिथेच संपतो. सासूबाईंचं म्हणणं डावलायची गरज नाही. थर्मोकोलचा डबा घरातही तेच काम करतो, आणि नीट केलं तर फ्रिजपेक्षा चांगलं करतो, कारण वितळणारा बर्फ बरोबर शून्य अंशावर असतो आणि फ्रिज चार-पाचवर. डब्याच्या बुडाशी बर्फाचा थर, त्यावर स्टीलची चाळणी उपडी, तिच्यावर पिशवीत बांधलेला मासा, वरून पुन्हा बर्फ. किलोभर माशाला किलोभर बर्फ धरा, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. डब्याच्या एका कोपऱ्यात खाली भोक पाडून बुच लावलं की वितळलेलं पाणी काढून टाकता येतं. डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीवर ठेवा. दर तीन-चार तासांनी झाकण उचलून बर्फ उरलाय का ते बघा आणि कमी झाला असेल तर भर घाला. बर्फ संपला आणि कळलं नाही, तर तो तास मोजायला पुन्हा सुरुवात होते.

फ्रिज खरोखर थंड आहे का?

वरचं सगळं करूनही वास येत असेल तर मगच फ्रिजकडे वळा. गारवा हाताला लागतो म्हणजे पुरेसा आहे असं नाही. १० अंशसुद्धा सोलापूरच्या हाताला थंडगार वाटतात. थर्मामीटर घ्या (तापाचा नव्हे, फ्रिजसाठीचा वेगळा मिळतो), पाण्याने भरलेल्या पेल्यात उभा करून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. ४ अंश किंवा त्याखाली हवा.

जास्त असेल तर आधी आतलं बटण बघा. त्यावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे, थंड करण्याचा जोर. १ म्हणजे कमी थंड, ५ किंवा ७ म्हणजे जास्त. ‘एकवर ठेवलंय, एक अंश असेल’ असं समजून पूर्ण उन्हाळा एकवर चालवलेले फ्रिज पुष्कळ घरांत सापडतात. मग दाराचं रबर: कागदाचा तुकडा दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आला तर रबर सैल झालंय, तिथून गरम हवा आत जाते. मग मागची बाजू. भिंतीला चिकटलेला, जाळीवर धूळ बसलेला फ्रिज उष्णता बाहेर टाकू शकत नाही. बर्फाच्या कप्प्यात बोटभर बर्फाचा थर साचला असेल तर तोही काढा. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर कॉम्प्रेसर घरघर करून बंद पडतो, तिथे स्टॅबिलायझरशिवाय गत्यंतर नाही. एवढं बघूनही काटा खाली येत नसेल तर मेकॅनिकला बोलवा.

मीठ-हळद लावलंय, मग काय होतंय?

होतं. कालवणाला लावतो तेवढं मीठ, हळद, लिंबू मासा टिकवत नाही. मिठाने थोडं पाणी सुटतं, लिंबाने वरचा थर पांढरा आणि घट्ट दिसतो, वास दबतो, आणि त्यामुळेच जास्त धोका, कारण आत काय चाललंय ते कळत नाही. खारवून टिकवायचं तर मिठाचे थरच्या थर लागतात, ते वेगळं काम. मसाला लावलेल्या तुकड्यांनाही थंडावा तेवढाच हवा. ‘मुरायला’ ठेवायचं असेल तर ओट्यावर नको, फ्रिजमध्येच मुरू द्या.

बांगडा घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा

बांगडा, तारली, कुपा आणि काही प्रमाणात सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा प्रथिनांतला घटक भरपूर असतो. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ, करतात. हे एकदा तयार झालं की धुऊन जात नाही, शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये घालूनही जात नाही. मासा दिसायला आणि वासालाही ठीक असू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा-मान लाल होते, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, कधी उलट्या-जुलाब होतात. खाताना जिभेवर मिरी चावल्यासारखी चुणचुण लागते. लोक म्हणतात, मला माशाची अॅलर्जी आहे, आणि जन्मभर मासा सोडतात. प्रत्यक्षात त्या दिवशीचा तो बांगडा उन्हात राहिलेला असतो. असा त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे जा, कोणता मासा किती वाजता खाल्ला ते सांगा, आणि श्वासाला त्रास होत असेल तर एक क्षणही थांबू नका.

बर्फाची सोय नसेल तर उन्हाळ्यात बांगडा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी उजनीचा मासा घ्या. तोही थंडच हवा, पण त्याच्यात हे हिस्टामिनचं प्रकरण नाही.

वीज गेली तर

दार उघडायचं नाही, हे पहिलं. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. आपल्या उन्हाळ्यात, त्यातही एकदारी लहान फ्रिजला, तीनच धरा. फ्रीझरचा कप्पा गच्च भरलेला असेल तर जास्त वेळ टिकतो, म्हणून रिकामी जागा बर्फाच्या बाटल्यांनी भरून टाका.

दिवसभर घर बंद असताना वीज गेली होती का, किती वेळ, हे संध्याकाळी कळत नाही. त्यासाठी वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवून वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं. अशा वेळी त्यातला मासा काढून टाका. नाणं वरच असेल आणि तुकड्यांमध्ये अजून बर्फाचे कण असतील तर तो पुन्हा गोठवला तरी चालतो, मात्र मांस जरा भुसभुशीत होतं.

आखाडात घेऊन श्रावणानंतरसाठी ठेवता येतो का?

येतो, पण दोन गोष्टी तपासून. पहिली, तुमचा फ्रीझर. महिनाभर ठेवायला उणे १८ अंश लागतात. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा तेवढा थंड होतच नाही. त्यात आइस्क्रीम दगडासारखं राहत नसेल, चमचा सहज शिरत असेल, तर तिथे मासा आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका.

दुसरी, मासा कोणता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात सोलापुरात दिसणारी सुरमई-पापलेट पूर्व किनाऱ्यावरून तरी आलेली असते, नाहीतर शीतगृहातून. शीतगृहातला मासा बाजारात वितळतो आणि आपण तो पुन्हा गोठवतो. असा मासा घेतला तर त्याच दिवशी करा. ठेवणीसाठी रोहू किंवा कटला घ्या, त्यात चरबी कमी, उणे १८ वर दोन-तीन महिने चांगला राहतो. बांगडा-तारलीसारखा तेलकट मासा महिन्याच्या वर ठेवू नये, तेल खवट होतं.

एका वेळच्या कालवणापुरत्या तुकड्या एका पिशवीत, एका थरात पसरून, आतली हवा दाबून काढून ठेवा. जाड गोळा केला तर मधला भाग गोठायला फार वेळ घेतो. झिंगे डब्यात घालून ते बुडतील इतकं गार पाणी ओतून गोठवले तर हवा लागत नाही आणि कोरडे पडत नाहीत. पिशवीवर तारीख लिहा. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवा, ओट्यावर नको. घाई असेल तर पिशवी बंदच ठेवून माठाच्या पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. हवा काढून सीलबंद केलेलं विकतचं पाकीट असेल तर वितळवण्याआधी त्याला कात्रीने चीर द्या, कारण हवेशिवायच वाढणारे घातक जंतू अशा पाकिटात फोफावू शकतात. मग फ्रिजमध्येच वितळवा आणि वितळल्यावर त्याच दिवशी शिजवा.